शिकागोचा पँथर : नव्वद गोळ्यांचा हिशेब

आमच्या वस्त्यांत पँथर हा शब्द अजूनही आदराने उच्चारला जातो. एखाद्या वयोवृद्ध कार्यकर्त्याची ओळख करून देताना, हे पँथरमध्ये होते, एवढे सांगितले की पुढे काही सांगावे लागत नाही. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा हे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतले, हे चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या नावामागची माणसे कोण होती, कशी जगली आणि कशी मारली गेली, याची माहिती आमच्या नव्या कार्यकर्त्यांना फारशी नसते. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात पक्ष काढला, एवढ्यावर गाडी थांबते. शिकागोच्या फ्रेड हॅम्प्टनचे नाव घेतले तर, २०२१ साली त्याच्यावर आलेला सिनेमा पाहिलेले काही तरुण सोडले, बाकीचे एकमेकांकडे पाहतात.

आम्ही वकिली करतो. त्यामुळे हॅम्प्टनचे आयुष्य आम्हाला जितके महत्त्वाचे वाटते, तितकाच त्याच्या मृत्यूनंतर १३ वर्षे चाललेला खटला महत्त्वाचा वाटतो. आणि आम्ही त्याचा उल्लेख एकेरी करणार आहोत. अनादर म्हणून नव्हे. मारला गेला तेव्हा तो अवघ्या २१ वर्षांचा पोरगा होता म्हणून.

फ्रेडचा जन्म ३० ऑगस्ट १९४८ चा. आईवडील, फ्रान्सिस आणि आयबेरिया, हे दक्षिणेतील लुईझियाना राज्यातले. तिकडच्या वर्णद्वेषाला आणि दारिद्र्याला कंटाळून लाखो काळी माणसे उत्तरेकडच्या शहरांत आली, त्यातलेच हे कुटुंब. शिकागोजवळ मक्यापासून स्टार्च बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात दोघे कामाला लागले. शेजारपाजारात एक कुटुंब होते, त्यातल्या लहान मुलाला आयबेरियाबाई सांभाळत असत. त्या मुलाचे नाव एमेट टिल. १९५५ साली १४ वर्षांचा एमेट मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला असताना गोऱ्यांनी त्याला हाल हाल करून मारले. गोऱ्या स्त्रीशी नीट वागला नाही, हा त्याच्यावरचा आळ. मारेकऱ्यांना सगळ्या गोऱ्या ज्युरींनी निर्दोष सोडले. एमेटच्या आईने शिकागोत त्याची शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाला पाहू द्या, हा तिचा निर्धार होता. हजारो लोकांनी तो विद्रूप झालेला चेहरा पाहिला. फ्रेड तेव्हा सात वर्षांचा होता. उघड्या शवपेटीची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

फ्रेड मेवुड या उपनगरात वाढला. शाळेत हुशार, खेळात पुढे आणि बोलण्यात तर कोणी हात धरू शकणार नाही असा. १९६६ साली तो शाळेतून बाहेर पडला. एनएएसीपी ही काळ्यांच्या हक्कांसाठी सनदशीर मार्गाने लढणारी अमेरिकेतील जुनी संघटना. तिच्या स्थानिक युवक शाखेचा तो अध्यक्ष झाला आणि थोड्याच काळात त्याने शेकडो तरुण जमवले. त्याने हाती घेतलेला प्रश्न ऐकला तर आमच्या वाचकांना महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. मेवुडमध्ये पोहण्याचा तलाव नव्हता. शेजारच्या गावात होता, पण तो फक्त गोऱ्यांसाठी. उन्हाळ्यात काळ्या मुलांनी कुठे जायचे? आमचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता, त्यांचा पोहण्याचा. दोहोंत अंतर आहे हे आम्ही जाणतो. पण पाण्याला कोणी शिवायचे आणि कोणी नाही, हे ठरवणारी वृत्ती एकच. फ्रेडने मोर्चे काढले, नगरपालिकेच्या सभेत मुले नेऊन उभी केली. तिथूनच पोलिसांच्या वहीत त्याचे नाव लागले.

याच काळात त्याने कॉलेजात कायद्याच्या अभ्यासाची पूर्वतयारी सुरू केली होती. पोलीस आपल्या लोकांना कायद्याच्या नावाने मारतात, तर कायदा आपल्याला यायला हवा, हा त्यामागचा विचार. हा पोरगा जगला असता तर कदाचित वकील झाला असता.

१९६८ च्या अखेरीस इलिनॉय राज्यात ब्लॅक पँथरची शाखा निघाली. बॉबी रश वगैरे मंडळींबरोबर फ्रेड तिच्या उभारणीत होता आणि लवकरच तो तिचा अध्यक्ष झाला. शिकागोच्या वेस्ट मॅडिसन रस्त्यावर त्यांची कचेरी होती. पँथर म्हटले की काळे जॅकेट, काळी टोपी आणि हातात बंदूक हेच चित्र डोळ्यांसमोर आणले जाते. ते खोटे नाही. स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा अधिकार त्यांच्या देशाच्या घटनेत आहे आणि ते तो उघडपणे बजावत होते. परंतु फ्रेडचा दिवस बंदुकीने सुरू होत नव्हता. तो सुरू होत होता पहाटे, शाळकरी मुलांना मोफत न्याहारी वाढण्याने. उपाशी पोराला वर्गात काय समजणार, हा साधा सवाल. दुकानदारांकडून अंडी, दूध, पाव मागून आणायचे, चर्चच्या सभागृहात मुले बसवायची, त्यांना खाऊ घालून शाळेत पाठवायचे. जोडीला गरिबांसाठी मोफत दवाखाना आणि संध्याकाळी अभ्यासवर्ग.

अमेरिकेची केंद्रीय गुप्तचर पोलीस यंत्रणा एफबीआय आणि तिचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना या न्याहारीची धास्ती वाटत होती, हे त्यांच्याच कागदपत्रांतून पुढे बाहेर आले. बंदूक घेतलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवणे सोपे असते. मुलांना दूध देणाऱ्याला काय ठरवायचे?

दुसरी गोष्ट याहूनही मोठी. शिकागोत यंग लॉर्ड्स नावाची पोर्तो रिकोच्या तरुणांची संघटना होती, होसे चा चा हिमेनेस तिचा नेता. आणि अपटाऊन भागात यंग पेट्रियट्स नावाची गरीब गोऱ्यांची संघटना होती. हे गोरे दक्षिणेच्या डोंगराळ मुलखातून पोटासाठी आलेले, झोपडपट्टीत राहणारे. त्यांच्या जॅकेटवर दक्षिणेतील गुलामगिरीवाल्यांचा झेंडा शिवलेला असे! त्या झेंड्याखाली काळ्यांना विकले, फटकावले, झाडाला टांगले गेले. पण पँथरचा कार्यकर्ता बॉब ली अपटाऊनमध्ये गेला, त्यांच्या बैठकीत बसला, घरभाड्याचे, पोलिसांच्या मारहाणीचे, उपासमारीचे त्यांचे गाऱ्हाणे ऐकले आणि हे तर आपलेच गाऱ्हाणे आहे असे त्यांना दाखवून दिले. फ्रेडने ती जुळणी उचलून धरली. १९६९ मध्ये या तीन संघटनांची आघाडी उभी राहिली, तिला रेनबो कोअलिशन म्हणजे इंद्रधनुष्य आघाडी म्हणत. पुढे १९८४ साली जेसी जॅक्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी हेच नाव घेऊन मोहीम चालवली. आमच्याकडे एका गटाचा नेता दुसऱ्या गटाच्या मंचावर गेला तर त्याची चर्चा महिनाभर चालते. एकाच पुतळ्याला हार घालायला चार मिरवणुका निघतात. असो.

शहरातल्या टोळ्यांशीही तो बोलत होता. ब्लॅकस्टोन रेंजर्स ही काळ्या तरुणांची मोठी टोळी, तिचा म्होरक्या जेफ फोर्ट. हे हजारो तरुण आपसात मारामाऱ्या करण्याऐवजी चळवळीत आले तर काय होईल, हे जसे फ्रेडला कळत होते, तसे एफबीआयलाही. १९६९ च्या सुरुवातीला फोर्टला एक निनावी पत्र मिळाले. पँथरवाले तुझा काटा काढणार आहेत, असा त्यातला मतलब. हे पत्र एफबीआयनेच पाठवले होते. काळ्यांच्या संघटना फोडणे, त्यांत भांडणे लावणे, जनतेला एकत्र करू शकेल असा नेता निर्माण होऊ न देणे, ही त्यांची लेखी ठरलेली मोहीम होती. कोइंटेलप्रो हे तिचे सांकेतिक नाव.

आणि घरात त्यांचा माणूस होताच. विल्यम ओनील हा मोटारचोरीत सापडलेला पोरगा. एफबीआयचा अधिकारी रॉय मिचेल याने त्याला गुन्ह्यातून सोडवण्याचे आमिष दाखवले आणि पँथरमध्ये पाठवले. ओनील शाखेच्या सुरुवातीपासून होता आणि तो थेट सुरक्षाप्रमुख झाला. कोण आत येतो, कोण बाहेर जातो, शस्त्रे कुठे आहेत, सगळे त्याच्या हाती. सर्वांत जहाल तोच बोलत असे. खबऱ्यांना धाक बसावा म्हणून त्याने विजेची खुर्चीसुद्धा तयार केली होती! आम्ही चळवळीत वीस वर्षांहून अधिक काळ आहोत. सभेत सर्वांत मोठ्या आवाजात तोडफोडीची भाषा करणारा आणि पोलीस आले की नेमका जागेवर नसणारा माणूस आम्हीही पाहिला आहे. पण याचा अर्थ प्रत्येकावर संशय घ्यावा असा कोणी काढू नये. एकमेकांवर संशय पेरणे हेच तर त्या निनावी पत्राचे काम होते.

मे १९६९ मध्ये फ्रेडला दोन ते पाच वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा कोणता? वर्षभरापूर्वी मेवुडमध्ये आइस्क्रीमची गाडी लुटून ७१ डॉलरची आइस्क्रीम मुलांना वाटली म्हणे. फ्रेडने आरोप नाकारला होता. आमच्याकडे कार्यकर्त्यांवर दरोड्याची कलमे कशी लागतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. काही महिने तुरुंगात काढून तो ऑगस्टमध्ये जामिनावर सुटला. अपील फेटाळले गेले आणि त्याला परत तुरुंगात जावे लागणार हे नक्की झाले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १३ नोव्हेंबर १९६९ रोजी शिकागोत झालेल्या एका चकमकीत दोन पोलीस आणि पँथरमध्ये राहिलेला एक तरुण ठार झाला. फ्रेडचा त्यात हात नव्हता, पण शहरातले पोलीस खवळलेले होते. शस्त्रांचे जे आकर्षण पँथरला होते, त्याने सरकारला निमित्त पुरवले, असे आमचे मत आहे. ते काहींना आवडणार नाही. मात्र निमित्त आणि कारण यांत फरक असतो, आणि कारण काय होते ते वर आलेच आहे.

४ डिसेंबर १९६९. पहाटेचे पावणेपाच. वेस्ट मन्रो रस्त्यावरील २३३७ क्रमांकाच्या घरात नऊ जण झोपले होते. कुक काउंटीचे सरकारी वकील एडवर्ड हॅनरहन यांच्या कार्यालयाशी जोडलेले १४ पोलीस सार्जंट डॅनियल ग्रोथच्या हाताखाली आले. तिकडे सरकारी वकील निवडून येतो आणि त्याच्या दिमतीला स्वतःचे पोलीस असतात, हे सांगायला हवे. बेकायदा शस्त्रांच्या झडतीचे वॉरंट त्यांच्याजवळ होते. झडती रात्री आठ वाजताही घेता आली असती, तेव्हा बहुतेक मंडळी बाहेर असत. दार उघडले आणि गोळ्या सुरू झाल्या. समोरच्या खोलीत पिओरियाहून आलेला २२ वर्षांचा मार्क क्लार्क पहाऱ्याला बसला होता, तो तिथेच गेला. बंदुकांचा मारा भिंती भेदून आतल्या खोल्यांत गेला. फ्रेड आपल्या बिछान्यावर होता, शेजारी त्याची होणारी पत्नी डेबोरा जॉन्सन, दिवस भरत आलेली. ती त्याला हलवत होती, तो उठत नव्हता. तिच्या साक्षीनुसार तिला खोलीबाहेर नेल्यावर पोलीस आत गेले आणि दोन गोळ्यांचा आवाज आला. फ्रेडच्या डोक्यात जवळून दोन गोळ्या घातलेल्या होत्या. ओनीलने त्याला झोपेचे औषध दिले होते काय, यावर वाद आहे. खासगी तपासणीत रक्तात औषध सापडले, एफबीआयच्या तपासणीत नाही. वकील म्हणून आम्ही तो मुद्दा बाजूला ठेवतो. त्याच्यावाचूनही प्रकरण पुरेसे उभे राहते.

वाचलेल्या सातांपैकी चौघे जखमी होते. सातही जणांवर पोलिसांच्या खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, डेबोरावरसुद्धा! हॅनरहन यांनी जप्त हत्यारे मांडून पत्रकारांपुढे पोलिसांची पाठ थोपटली. पँथरनी जोरदार गोळीबार केला, पोलिसांनी कमालीचा संयम दाखवला, ही त्यांची कथा. एका बड्या वर्तमानपत्राने आतून झालेल्या गोळीबाराच्या खुणा म्हणून छायाचित्रे छापली. दुसऱ्या वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी जाऊन पाहिले तर त्या गोळ्यांच्या खुणा नव्हत्या, खिळ्यांची डोकी होती.

हे बातमीदार घरात गेले कसे? इथे पोलिसांनी मोठी चूक केली. त्यांनी घटनास्थळ सील केले नाही. पँथरच्या कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्या तरुण वकिलांनी त्याच दिवशी घराचा ताबा घेतला. प्रत्येक भोकाचे मोजमाप घेतले, चित्रीकरण केले, गोळ्या वेचल्या, ज्या दारातून गोळी गेली त्या दाराचे फळकूट काढून सुरक्षित ठेवले. आणि मग घराचे दार जनतेसाठी उघडले. सुमारे दोन आठवडे हजारो माणसे रांगा लावून येत राहिली. रक्ताने भिजलेला बिछाना आणि चाळणी झालेल्या भिंती त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. एमेट टिलच्या आईने शवपेटी उघडी ठेवली त्याला १४ वर्षे झाली होती.

पंचनामा हा शब्द आमच्या वस्तीतल्या माणसाला पोलिसांचे काम वाटते. कोणाच्या तरी घरावर हल्ला होतो, आम्ही पोहोचतो तेव्हा बायाबापड्यांनी रक्त धुऊन, काचा झाडून घर स्वच्छ केलेले असते. वाईट दिसते म्हणून. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण मग न्यायालयात आमच्या हाती पोलिसांच्या कागदाशिवाय काही राहत नाही. शिकागोत ते झाले नाही म्हणून मे १९७० मध्ये केंद्रीय ग्रँड ज्युरीला हिशेब मांडता आला. पोलिसांच्या बाजूने ८२ ते ९९ गोळ्या. पँथरच्या बाजूने एक. ती एक मार्क क्लार्कच्या बंदुकीतली. त्याच महिन्यात सात जणांवरचे खटले मागे घ्यावे लागले.

तरीही पोलिसांवर खुनाचा खटला झाला नाही. जानेवारी १९७० च्या मृत्यू चौकशीत ही हत्या समर्थनीय ठरवण्यात आली. ग्रँड ज्युरीने हिशेब मांडला, आरोप कोणावर ठेवला नाही. हॅनरहन आणि काही पोलिसांवर १९७१ मध्ये न्यायात अडथळा आणल्याचा खटला झाला, त्यातून ते ऑक्टोबर १९७२ मध्ये सुटले. पण पुढच्याच महिन्यात निवडणूक होती. शिकागोचे काळे मतदार वर्षानुवर्षे डेमोक्रॅटिक पक्षाला डोळे मिटून मत देत आले होते. त्यांनी या एका माणसाला पाडण्यासाठी विरोधी पक्षाला मते दिली आणि हॅनरहन पडले. राजकारणात त्यांचे पुन्हा काही जमले नाही. काळ्यांचे मत गृहीत धरता येत नाही, हे शिकागोला तेव्हा कळले. १९८३ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले काळे महापौर झाले, त्याची एक वाट इथून जाते.

मृतांच्या कुटुंबीयांनी आणि वाचलेल्यांनी १९७० सालीच नुकसानभरपाईचा दावा लावला होता. जेफ्री हास, फ्लिंट टेलर हे वकील तेव्हा नुकते उभे राहत होते. आधी एफबीआयचे नावही कुठे नव्हते. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावी एफबीआयच्या कचेरीतून काही नागरिकांनी कागद पळवले आणि कोइंटेलप्रो हा शब्द प्रथम बाहेर आला. १९७३ मध्ये ओनील खबऱ्या असल्याचे उघड झाले. मग निघाला तो नकाशा. फ्रेडच्या घराचा, ओनीलच्या माहितीवरून काढलेला, मिचेलने हॅनरहनच्या कचेरीकडे पोहोचवलेला. त्यात खोल्या होत्या, दारे होती आणि फ्रेड झोपतो तो बिछाना दाखवलेला होता. खटला १८ महिने चालला. एफबीआयने हजारो पाने दडवली होती, ती चालू खटल्यात ओढून काढावी लागली. त्यातच ओनीलला छाप्यानंतर ३०० डॉलर बक्षीस दिल्याचा कागद मिळाला. न्यायाधीश मात्र कुटुंबीयांच्या वकिलांवरच चिडत होते, अवमानाची कारवाई झाली ती त्यांच्यावर. १९७७ मध्ये न्यायाधीशांनी दावा काढून टाकला. १९७९ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, कटाचा पुरेसा पुरावा आहे असे म्हटले आणि फेरसुनावणीचा आदेश दिला. अखेर १९८२ मध्ये केंद्र सरकार, काउंटी आणि शिकागो शहर यांनी मिळून १८ लाख ५० हजार डॉलर देण्याचे कबूल केले. गुन्हा कबूल केला नाही. हत्येसाठी एकही माणूस एक दिवसही तुरुंगात गेला नाही.

ओनील नाव बदलून दूर राहिला आणि नंतर परत आला. १५ जानेवारी १९९० च्या पहाटे तो शिकागोच्या हमरस्त्यावर धावत्या गाडीपुढे गेला. आत्महत्या, अशी नोंद झाली. बॉबी रश १९९३ पासून ३० वर्षे अमेरिकन संसदेत होते. छाप्यानंतर २५ दिवसांनी डेबोराला मुलगा झाला. त्याचे नाव फ्रेड हॅम्प्टन ज्युनियर.

२००६ साली शिकागोत वेस्ट मन्रो रस्त्याच्या त्या तुकड्याला फ्रेडचे नाव द्यावे असा प्रस्ताव आला, तेव्हा पोलिसांच्या संघटनेने जोरदार विरोध केला आणि तो बारगळला. नामांतर म्हणजे काय असते हे आम्हाला कोणी सांगायला नको. मेवुडमध्ये मात्र पुढे पोहण्याचा सार्वजनिक तलाव झाला. गावाने त्याला फ्रेड हॅम्प्टनचे नाव दिले आणि २००७ साली तिथे त्याचा अर्धपुतळा बसवला.